अस्तरबाईंनी हप्ता खाली आणला

आमच्या गल्लीत तळमजल्यावरच्या खोलीत एक बाई कपडे शिवतात. तोंडावर सगळे त्यांना ‘ताई’ म्हणतात आणि पाठ वळली की ‘अस्तरबाई’. हे नाव कोणी ठेवलं ते मी सांगणार नाही, कारण तो माणूस अजून त्यांच्याकडूनच पँटी आखूड करून घेतो.

नावामागे कारण आहे. त्यांच्या दारावर पाटी आहे, ‘शिलाई सर्वांत स्वस्त’. पाटी खोटी नाही. कोटाची शिलाई विचारा, असा आकडा सांगतील की तुम्ही घरी जाऊन जुने कोटही शोधून आणाल. कोट तयार झाला की मात्र बाई ओठांत टाचण्या धरून, शांतपणे, एकेक बोलायला लागतात. “शिलाई सांगितली तेवढीच हं. अस्तर वेगळं. बटणं वेगळी. खांद्यातली गादी वेगळी. आतला खिसा तुम्हीच मागितला होता.” आता टाचण्या तोंडात धरलेल्या बाईशी कोण वाद घालणार? एखादी गिळली बिळली तर! माणूस पैसे देतो, कोट घेतो आणि घरी सांगतो की शिलाई स्वस्त पडली.

त्यांचे यजमान पाण्याच्या मीटरचे आकडे टिपायला दारोदार जातात. अबोल माणूस. दिवसभर जमिनीतल्या झाकणांत डोकावून डोकावून मान कायमची खाली गेलेली. बाई बोलणार, हे मान हलवणार. ती खालीच असल्यामुळे हो म्हणाले की नाही, हे कळायला थोडा वेळ लागतो.

तर या अस्तरबाईंना गावाबाहेरच्या नव्या हॉटेलचे पडदे शिवायचं काम मिळालं. कापड हॉटेलचं. बाईंनी शिवायचं, न्यायचं आणि खोल्याखोल्यांत टांगून द्यायचं. काम वेळेत आणि नीट झालं तर पुढे चादरी, उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं, सगळं त्यांच्याकडेच येणार होतं. बाईंना ते काम का हवं होतं ते मला ठाऊक होतं. काजं करताना सुई चुकायला लागली होती. काळ्या कापडावर काळा दोरा आला की त्या खुर्ची ओढून खिडकीशी न्यायच्या आणि म्हणायच्या, “आज ढगाळ आहे, नाही?” बाहेर लख्ख ऊन. पडद्याची शिवण सरळ, लांब, जाड. थकलेल्या डोळ्यांना झेपेल असं ते काम होतं. ते हातचं गेलं तर चौकातला तयार कपड्यांचा दुकानदार टपूनच बसला होता.

अडचण होती ती नेण्याची. एकदा यजमानांनी पडद्यांचे दांडे स्कूटरवर आडवे धरून नेऊन पाहिले. वळणावरच्या न्हाव्याच्या दुकानात दांडे आधी शिरले, मागून स्कूटर, मागून यजमान. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची अर्धी मिशी त्या दिवशी कायमची गेली. म्हणून ठरलं, मागची सीट दुमडते अशी एखादी जुनी गाडी घ्यायची.

जुन्या गाड्यांच्या बाजारात मीही गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण गल्लीतला माणूस गाडी घ्यायला निघतो आणि आपण घरी बसायचं, हे माझ्याच्यानं होत नाही.

मोठं अंगण, पत्र्याची शेड, काचांवर पांढऱ्या रंगात लिहिलेल्या किमती. टायरांना काळं पॉलिश इतकं की जवळ गेलं तर चपला काळ्या. तिथला विक्रेता तरुण होता आणि सारखा हसत होता. ‘हे इंजिन जरा आवाज करतंय का हो’ विचारलं तरी हसायचा, ‘पाणी मिळेल का’ विचारलं तरी तेवढंच. मी मनातल्या मनात त्याचं नाव हसऱ्या ठेवलं.

राखाडी रंगाची एक गाडी बाईंना पसंत पडली. ओळखीच्या मेकॅनिकनं खाली झोपून, वर चढून, चालवून पाहिली आणि अंगठा दाखवला. यजमानांनी तर आत बसून हॉर्न वाजवला. भारदस्त आवाज! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरात त्यांना पहिल्यांदाच असा आवाज मिळाला असावा. त्यांनी पुन्हा वाजवला. मग पुन्हा.

“अहो, पुरे!”

“अगं, किती छान वाजतो.” एवढं बोलून यजमान थांबले असते तर बरं होतं. पण त्या दिवशी त्यांना कंठ फुटला होता. हसऱ्याकडे वळून म्हणाले, “महिनाअखेरीला आम्हाला हॉटेलात पडदे पोचवायचे आहेत. गाडी तोवर हवीच.”

हसऱ्याचं हसू एका दाताने रुंदावलं.

काचेवर किंमत होती तीन लाख. बाईंच्या हातात साठ हजार होते. बाकीचं कर्ज तिथेच, त्याच टेबलावर मिळणार होतं. बाईंनी पदर नीट केला आणि घासाघीस करायला तोंड उघडलं, तेवढ्यात हसऱ्या म्हणाला, “ताई, किंमत विसरा. महिन्याला किती जमेल ते सांगा.”

इथे बाई फसल्या. आणि कुठल्याही बाईसारख्या नाही, शिवणाऱ्या बाईसारख्या फसल्या. समोरच्यानं भांडायला एकच आकडा पुढे केला की सगळा जोर त्यावर लावायचा, ही सवय त्यांच्याच गिऱ्हाइकांची. पण टेबलाच्या या बाजूला बसल्यावर ते कुणाला आठवतं!

“तुम्हीच बोला,” बाई म्हणाल्या.

हसऱ्यानं कॅल्क्युलेटर स्वतःकडे वळवून बोटं चालवली. “दहा हजाराला थोडे कमी.”

“दहा? अहो, आम्ही गाडी घेतोय, कारखाना नाही!”

“बरं, नऊ.”

“हे बघा भाऊ, मी रोज माणसांची मापं घेते. तुमच्यात अजून ढिलाई आहे.”

“ताई, तुम्ही ऐकणार नाही. आठ.”

“सात हजाराच्या आत आणा, नाहीतर उठले.” आणि बाई खरंच उठल्या. यजमानांनी गाडीतून अशा नजरेनं पाहिलं की मलाच वाईट वाटलं.

हसऱ्यानं कपाळावर हात मारला, साहेबांना विचारून येतो म्हणून आत गेला, पाणी पिऊन बाहेर आला आणि म्हणाला, “दिले! सहा हजार नऊशे पंच्याहत्तर. साहेब मला रागावले.”

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू किल्ला सर केला. बयाणा दिला, अंदाजपत्रकाचा कागद पिशवीत टाकला, आणि दोन दिवसांनी सह्या करायला यायचं ठरवून आम्ही निघालो. यजमान निघताना गाडीला हात लावून आले.

गल्लीत पोचेपर्यंत बातमी पोचली होती. पोचवणारा कोण, ते विचारू नका. बाई ज्याला त्याला सांगत होत्या, “दहाचे सात केले! तो रडायच्या बेतात होता!” मशीनवर बसल्या तेही राणीसारख्या.

दुपारी पियानोबाई आल्या. या मुलांना पियानो शिकवतात, एकट्या राहतात आणि भांडतातसुद्धा सुरात. त्यांचा कार्यक्रमात घालायचा लांब कोट तयार होता. मीही तिथेच होतो, माझ्या पँटीचं निमित्त करून. अस्तरबाईंनी टाचण्या तोंडात धरल्या आणि सुरू झाल्या. “शिलाई सांगितली तेवढीच हं. अस्तर वेगळं. बटणं वेगळी. गादी...”

“थांबा ताई,” पियानोबाई म्हणाल्या. “मागच्या वेळी पण असंच झालं. शिलाई ऐकून मी हो म्हटलं आणि घरी गेल्यावर पाकीट उलटं करून झटकत बसले. मला तुमची शिलाई नकोच आहे. कोट माझ्या अंगावर चढेपर्यंत एकूण किती, तेवढं सांगा. आणि ते आधी सांगत जा.”

“अहो, पण कोट म्हटला की अस्तर आलंच!”

“आलंच ना? मग शिलाईत का नाही आलं?”

मी आयुष्यात पहिल्यांदा अस्तरबाईंच्या तोंडातून टाचण्या आपण होऊन बाहेर आलेल्या पाहिल्या. त्यांनी त्या एकेक करून उशीत खोचल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा किल्ला ढासळत होता.

“बाई,” त्या हळूच म्हणाल्या, “तो माणूस लगेच हो म्हणाला हो.”

“कोण माणूस?”

“गाडीवाला. गिऱ्हाइकानं शिलाई पाडून मागितली की मी लगेच हो म्हणते ना, तेव्हा...” त्या उठल्या. पिशवीतून कागद काढला आणि माप घ्यायच्या टेबलावर सरळ केला.

पियानोबाईंनी चष्मा लावला. या विषयात त्या पोळलेल्या होत्या. तरुणपणी त्यांनी पियानो हप्त्यांवर घेतला होता. त्या म्हणतात, “मी तो पियानो दोनदा विकत घेतला, एकदा दुकानाकडून आणि एकदा कर्ज देणाऱ्याकडून. वाजतो मात्र एकच.”

“हप्ते किती आहेत?” त्यांनी विचारलं.

“सात हजाराच्या आत!”

“किती रुपयांचा ते नाही. किती वर्षं?”

अस्तरबाईंनी कागदावर बोट फिरवलं. पाच वर्षं. पियानोबाईंनी उलटा हिशेब करून पाहिला, तर दहा हजाराला थोडा कमी असलेला पहिला हप्ता होता तीन वर्षांचा. बाई जसजशा ओढत होत्या तसतसा हप्ता खाली येत होता आणि मुदत लांबत होती, रबर ओढावं तशी. हसऱ्यानं स्वतःच्या खिशातून एक पैसा सोडला नव्हता. उलट व्याजाची दोन वर्षं जास्तीची मिळवली होती.

“आणि व्याज?”

“अकरा टक्के. बँकेतसुद्धा एवढंच असतं म्हणाला.”

“घटत्या शिल्लकेवर का सरसकट?”

अस्तरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पियानोबाईंनी मग त्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं. समजा तुम्ही कापडाचं अख्खं ठाण भाड्यानं आणलं. दर महिन्याला त्यातलं थोडं कापड परत केलं. भाडं उरलेल्या कापडाचं लागलं पाहिजे की नाही? हा माणूस पाच वर्षं अख्ख्या ठाणाचं भाडं घेणार, शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे चिंधी उरली असली तरी. दिसायला अकरा, बँकेच्या पद्धतीनं मोजलं तर एकोणिसाच्या घरात.

“मेला!” अस्तरबाई म्हणाल्या.

मग दोघींनी तो कागद अक्षरशः उसवला. गाडी तीन लाखांची, साठ हजार रोख, मग कर्ज दोन लाख चाळीस हजार हवं. कागदावर होतं दोन लाख सत्तर. वरचे तीस हजार कुठून आले? गाडी नावावर करून द्यायचा खर्च आणि विमा, हे खरंच लागणारं. पण खाली बारीक अक्षरांत फाइलचा खर्च, कागदपत्रांचा खर्च, ‘हाताळणी’, रंगावरचं चकचकीत कोटिंग, वाढीव वॉरंटी. हे सगळं रोख मागितलं असतं तर बाईंनी त्याला तिथेच फाडून खाल्लं असतं. म्हणून ते कर्जात शिवून टाकलं होतं, आतल्या बाजूनं, वरून शिवण दिसू नये असं. आणि त्याच्यावरसुद्धा पाच वर्षं व्याज.

“हाताळणी म्हणजे काय हो?” मी विचारलं.

“ह्यांनी हॉर्न वाजवला, त्याचे असतील,” अस्तरबाई म्हणाल्या.

शेवटी पियानोबाईंनी गुणाकार केला. तीन लाखांची गाडी, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत पावणेपाच लाखांच्या पुढे. पियानोबाईंनी कोट घातला, आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, “बसलाय मात्र छान.” पैसे देऊन गेल्या. अस्तराचेसुद्धा दिले.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा बाजारात. यजमान मागे, मी त्यांच्याही मागे.

“या ताई! सह्या उद्या होत्या ना?” हसऱ्या हसला.

“भाऊ, एकच विचारायला आले. गाडी माझ्या दारात उभी राहून शेवटचा हप्ता फिटेपर्यंत, एकूण किती?”

“ताई, हप्ता तर आपला ठरला...”

“हप्ता नाही. एकूण.”

“ते असं सांगता येत नाही, त्यात बरंच असतं.”

“असतं ना. मीही तीस वर्षं हेच सांगते आहे लोकांना.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याचं हसू मध्येच अडकलं. बाईंनी टेबलावर कागद ठेवला आणि टाचणी टोचावी तसं एकेका ओळीवर बोट टोचलं. नावावर करायचा खर्च, देते. विमा, देते, पण कुठून घ्यायचा ते मी ठरवणार. कोटिंग नको, गाडी राखाडीच आहे, चमकून तिला कुठे जायचंय! हाताळणी नको. कर्ज तुमच्याकडून नको. कर्ज आधी फेडलं तर दंड, असंही खाली लिहिलंय, तो तर मुळीच नको.

कर्ज नको म्हटल्यावर मात्र हसऱ्या गंभीर झाला. कर्ज देणारी कंपनी त्याला वाटा देत असणार, गाडीपेक्षा त्यातच जास्त सुटत असणार. तो खुर्चीत मागे रेलला. “ताई, मग जमणार नाही. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय याच गाडीला. आणि तुम्हाला महिनाअखेरीला हॉटेलात पोचायचंय ना?”

यजमानांची मान होती त्यापेक्षाही खाली गेली.

बाईंनी गाडीकडे एकदा पाहिलं. मी पाहत होतो. डोळ्यांपुढे हॉटेलच्या खिडक्या असणार, आणि चौकातला दुकानदार. मग त्या उठल्या. कालच्यासारखं नाटक करून नव्हे, पिशवी उचलून. “द्या त्यांना,” म्हणाल्या. “बयाण्याची पावती आहे माझ्याकडे, ती विसरू नका.”

यजमान गाडीजवळून गेले, पण या वेळी हात लावला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. यजमान बोलत नव्हते, म्हणजे नेहमीइतकेच बोलत नव्हते. पण या वेळचं न बोलणं ऐकू येत होतं. पडदे तयार होत होते आणि घरात रचले जात होते. ढीग इतका उंच झाला की नवराबायको एकमेकांना दिसेनात. बाई मधल्या काळात पतपेढीत जाऊन आल्या. घटत्या शिल्लकेवर कर्ज, तीन वर्षं, आधी फेडलं तर दंड नाही. शिवाय कोपऱ्यातलं, कापडाच्या कडा बांधायचं इंटरलॉकचं जुनं मशीन बदलायला चाळीस हजार साठवले होते, ते काढले. “ओरडू दे अजून तीन वर्षं,” म्हणाल्या. ते मशीन सुरू झालं की माझ्या खिडकीची काच थरथरते. पण माझं मत कुणी विचारलं नाही.

गाडी मात्र नव्हती. बाईंनी दुसऱ्या दोन पाहिल्या. एकीचा तळ गंजलेला, दुसरीत दांडे मावेनात. महिनाअखेर इतकी जवळ आली की मी टेम्पोवाल्याचा नंबर शोधून दिला. तो एका फेरीचं भाडं सांगायचा आणि मग म्हणायचा, “चढवणं-उतरवणं वेगळं.” बाईंनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या.

त्याच संध्याकाळी तोच फोन वाजला. हसऱ्या! “ताई, ते दुसरं गिऱ्हाईक काही आलं नाही.”

“अरेरे,” बाई म्हणाल्या. आवाजात इतकं दुःख, की मला खोकला आला.

“रोख देणार असाल तर दोन लाख पंच्याऐंशीला सोडतो.”

“नावावर करून?”

“तो खर्च वेगळा, ताई. तो खरंच सरकारी आहे.”

“तेवढा मान्य. लेखी द्या. एकाच आकड्यात.”

गाडी आली. विम्यासकट सगळं मिळून एक लाख रोख गेले, दोन लाखांचं कर्ज. आणि ऐका गंमत, हप्ता पुन्हा सात हजाराच्या आतच! फक्त पाचाऐवजी तीन वर्षं. सगळं फिटेपर्यंत साडेतीन लाखांच्या अलीकडेच. बाईंनी हिशेब मला तीनदा सांगितला आणि मी तो गल्लीत तीसदा.

हसऱ्यानं तरी एक डाव साधलाच. आरशाला लटकवलेली वासाची डबी त्यानं पावतीत शंभराला लावली होती. यजमान भांडायला निघाले होते, पण बाईंनी अडवलं. “राहू द्या हो. तेवढं त्याचं अस्तर.”

पडदे वेळेत पोचले. गाडी यजमानांनी चालवली आणि वाटेत न्हाव्याच्या दुकानासमोर दोनदा हॉर्न वाजवला. आतलं गिऱ्हाईक मिशी धरून उभं राहिलं म्हणतात. हॉटेलवाल्यांनी पडदे पाहिले, ओढून पाहिले आणि चादरींची मापं तिथेच दिली.

आता पाटी बदलली आहे. ‘कपडा अंगावर चढेपर्यंतचा भाव आधी सांगितला जाईल.’ मोठी चूक झाली, असं मला वाटलं होतं. काही गिऱ्हाइकं खरंच गेली. चौकातल्या दुकानात शिलाई स्वस्त आहे म्हणून. तिथे अस्तर वेगळं लावतात, हे त्यांना अजून कळायचंय. मी सांगितलेलं नाही. कळेल तेव्हा मला तिथे हजर राहायचंय.

परवा मी पँट आखूड करायला गेलो. बाईंनी एकच आकडा सांगितला.

“त्यात शिलाई किती?” मी सवयीनं विचारलं.

“काका, तुम्हाला पँट हवीय का भांडण?”

मी वळलो तर दारात हसऱ्या उभा होता. हातात सीटच्या कापडाचं भेंडोळं. अंगणातल्या सगळ्या जुन्या गाड्यांना कव्हरं शिवायची होती. सरळ, लांब, जाड शिवण. बाईंनी कापड बोटांत चुरगाळून पाहिलं, खुर्ची खिडकीपासून परत आत ओढली आणि हळूच टाचण्यांच्या उशीकडे हात नेला.

“शिलाई सांगू, का एकूण?”

हसऱ्या आधी पाटीकडे पाहून हसला, मग माझ्याकडे पाहून, मग खुर्ची ओढून बसला.

“एकूणच सांगा, ताई.”